ओवाळणीची बंदूक आणि तीन बंद डबे

दादा,

आधी भांडून घेते. रडायचं नंतर बघू, ते आता रोजचंच झालंय.

तुला जाऊन सात आठवडे झाले. शोकसभेला इथल्या मराठी मंडळाचा हॉल भरला होता, मागे लोक उभे होते. एकेक जण उठून बोलला आणि प्रत्येकाच्या बोलण्यात एक गोष्ट होतीच, की माणूस सरळ होता, पोटात एक आणि ओठांत एक असं याचं कधी नव्हतं. मीही मान डोलावली. सख्खी बहीण, मी नाही डोलावणार तर कोण डोलावणार?

मागच्या शनिवारी वहिनीने मला बोलावून घेतलं. तुझं गराजमधलं बंदुकांचं कपाट उघडायचीसुद्धा तिला भीती वाटते. "शुभा, तूच बघ बाई काय ते," म्हणाली, "मला किल्लीपण हातात नको." मी उघडलं. वर तुझी बंदूक, माझी बंदूक. खालच्या फळीवर टर्की पक्ष्यांच्या शिकारीच्या काडतुसांचे तीन डबे. हे डबे तू माझ्यासमोर विकत घेतले होतेस. माझ्या बंदुकीत यांतलीच काडतुसं आहेत असं तू मला सांगत आलास. तिन्ही डब्यांचं सील शाबूत होतं. एकातूनही एक काडतूस कधी बाहेर आलेलं नव्हतं.

त्यांच्या शेजारी चौथा डबा, उघडा, अर्धा रिकामा. मातीच्या चकत्या हवेत उडवून फोडतात ना, त्या खेळातली हलकी काडतुसं. नवशिक्यांना देतात ती. उरलेल्यांपैकी चारपाचांवरची छापील अक्षरं घासून पुसलेली होती.

मला कळायला मिनिटही लागलं नाही. मी तिथेच काँक्रीटवर बसले आणि तुला शिवी हासडली. अमरावतीची, अस्सल. वहिनी दारात होती, तिला वाटलं मी हुंदका दिला. तिने पाणी आणून दिलं आणि मग डब्याकडे बघून म्हणाली, "हे पुसायला वापरलं होय! तरीच म्हटलं माझी नेलपॉलिश काढायची बाटली कशी संपते." त्यावर आम्ही दोघी हसलो. तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदा हसलो, आणि तेही तुझ्या लबाडीवर.

आता क्रमाने सांगते, म्हणजे तुला नेहमीसारखा मध्येच विषय बदलता येणार नाही.

२००३ चा वसंत. तुझ्या ऑफिसातला डेल रिटायर होऊन डोंगरापलीकडे, राज्याच्या पूर्व टोकाला, आपल्या जमिनीवर राहायला गेला होता. त्याने तुला टर्कीच्या शिकारीला बोलावलं. वहिनीला थंडी सोसत नाही म्हणून तू मला घेऊन गेलास. आपल्या घरात बंदूक म्हणजे बँकेच्या दारातल्या वॉचमनच्या खांद्यावरची. तिला हात लावायचा असतो हेच मला नवीन होतं. पहाटे झाडाला पाठ टेकून बसलो, अंगावर पानापानांचे कपडे, तोंडावर जाळी. हलायचं नाही, शिंकायचं नाही. डेल पाटीच्या तुकड्यावर काडी घासून मादीचा आवाज काढत होता. आणि वरच्या कड्यावरून नराने उत्तर दिलं. तो गडगडाट कानांआधी छातीत शिरतो. माझ्या अंगावर काटा आला. तो नर काही आला नाही, पण मी मात्र त्या दिवशी कामातून गेले.

दुपारी डेलने त्याची जुनी बारा बोअरची बंदूक मला दिली, समोर कागद लावला आणि म्हणाला, लाथ मारेल. मारली. मी दोन पावलं मागे गेले. मग परत उडवली. सोमवारी तुमच्या किचनमध्ये मी गळा बाजूला करून तुला खांद्यावरचा डाग दाखवला, चांगला तळहाताएवढा, जांभळा. तू चहा गाळता गाळता हसलास. "झालीस आता शिकारी," म्हणालास. तेव्हा तुला माझ्या खांद्याची काही काळजी वाटली नव्हती, दादा. लक्षात ठेव हे.

पुढच्या जानेवारीत आपण डेलकडूनच परत येत होतो. घाटात बर्फ पडत होता. चाकांना साखळ्या लावा म्हणून पाटी लुकलुकत होती. मी म्हटलं, "दादा, थांब, चेन लाव."

"अगं चार मैल तर राहिलेत. एवढ्यासाठी कोण खाली वाकणार त्या चिखलात?"

"लाव ना."

"शुभे, मी दहा वर्षं ड्राइव्ह करतोय या घाटात."

तिसऱ्या मैलावर गाडी फिरली आणि माझी बाजू कठड्यावर आदळली. उजवं कॉलरबोन तुटलं. धातूची पट्टी बसवली, सहा स्क्रू. तुला खरचटलंही नाही. हे मी तेव्हाही कुरकुरत म्हटलं नव्हतं, आत्ताही म्हणत नाही. तुला लागलं असतं तर मला बरं वाटलं असतं की काय?

मी एकटी राहणारी, आणि माझा उजवा हात वर होत नव्हता. तीन महिने तू रोज ऑफिसला जायच्या आधी माझ्याकडे यायचास आणि माझी वेणी घालायचास. वहिनी म्हणाली होती मी जाते, तर तू ऐकलं नाहीस. पहिला आठवडा काय अवतार असायचा माझा! मीटिंगमध्ये लोक माझ्याकडे बघून खाली बघायचे. महिन्याभरात मात्र तुझा हात बसला. पेडाचा शेवट रबरबँडमध्ये गुंडाळायची तुझी पद्धत मला अजून जमत नाही. मागे उभं राहून वेणी घालणारा माणूस दिसत नाही, त्यामुळे तुझा चेहरा कसा असायचा ते मला माहीत नाही. मी रोज वाट बघायचे की आज म्हणेल, चुकलं माझं. तू म्हणायचास, "हेअर ड्रायर नीट ठेवत जा, वायर तुटेल."

त्यानंतर साखळ्या तुझ्या डिकीत कायमच्या राहायला आल्या. जुलैमध्येसुद्धा. नुसता रस्ता ओला दिसला तरी तू गाडी बाजूला घेऊन, गुडघे टेकून त्या लावायचास. मंडळातले लोक तुझी टिंगल करायचे. मी कधी केली नाही.

वर्षाने डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. तू माझ्या शेजारी बसला होतास. मी विचारलं, बंदूक चालवता येईल का? ते म्हणाले, हाड पक्कं जुळलंय, चालवा, दुखेल थोडं, फार दुखलं तर थांबा. मी इतकी खूश झाले की पार्किंगमध्येच डेलला फोन लावला. आणि तू घरी जाऊन एक्सेल उघडलीस.

जगात माणसं दुकानात जातात, बंदूक उचलून बघतात, आवडली तर घेतात. आपण सॉफ्टवेअरवाले. तू चार महिने घेतलेस. बावीस बंदुका, प्रत्येकीचं वजन, नळीची लांबी, काडतुसाचं वजन, छऱ्यांचा वेग, आणि शेवटच्या कॉलममध्ये खांद्याला बसणारा धक्का, फूट-पाउंडांत, दोन दशांश स्थळांपर्यंत. भाजी चिरताना वहिनीला तू समजावून सांगायचास की बारा बोअरपेक्षा वीस बोअरचं भोक लहान, छरे कमी, म्हणून धक्का कमी. तीच बंदूक जड असेल तर धक्का अजून कमी. आणि गोळीमागच्या गॅसवर स्वतःच पुढचं काडतूस आत घेणारी असेल, तर लाथेऐवजी नुसतं ढकलल्यासारखं वाटतं. वहिनी म्हणायची, "कळलं. कांदा दे."

सगळं बरोबर होतं रे तुझं. दुकानातला माणूस तर तुझ्यापुढे काहीच नव्हता. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि लहान मुलांसाठी असते ती छोटी, हलकी बंदूक काढून माझ्या हातात दिली. बायकांना हीच बरी पडते म्हणाला.

तू भडकलास. माझ्याकडे वळून मराठीत सुरू झालास. "याला सांग, हलकी बंदूक जास्त लाथ मारते. हिच्यात वजनच नाहीये नं धक्का खायला. सगळा तुझ्या खांद्यावर येईल."

"मग जड घेऊ. आणि ती डोंगर चढून कोण नेणार?"

"मी नेईन नं."

"मग चाप पण तूच ओढ."

दुकानदार आपल्या दोघांकडे टेनिसची मॅच बघावी तसा बघत राहिला. शेवटी त्यानेच एक कामाचं सांगितलं. डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. जिच्या नळीच्या टोकावरची माशी मान न हलवता डोळ्यासमोर येते, ती तुमची. मी सात-आठ लावून बघितल्या. एक अशी होती की आपोआप गालाला येऊन टेकली. वीस बोअरची, गॅसवाली, दस्त्यामागे जाड रबराची गादी. ना फार जड, ना फार हलकी. मी म्हटलं, हीच.

तू खिशातून कागद काढलास. "ही चौथ्या नंबरवर आहे."

"असू दे चौथ्या."

"पहिल्या नंबरवालीपेक्षा धक्का जास्त आहे हिचा."

"दादा, खांदा माझा आहे."

तू कागद परत खिशात घातलास. त्या दिवशी आपण रिकाम्या हाताने परतलो आणि पुढे सहा महिने तोच वाद. फोनवर, जेवताना, गणपतीच्या आरतीच्या रांगेत. मला अंगाला बसणारी हवी होती. तुला कागदावर कमी लाथ मारणारी हवी होती. दोघांनाही हार म्हणून मानायची नव्हती.

आणि मग भाऊबीज आली. मी पाट मांडला, तुला कुंकू लावलं, ओवाळलं. तू आत गेलास आणि एक लांबलचक खोका घेऊन आलास. तबकात मावेना, म्हणून वहिनीने तबक खोक्यावर ठेवलं. मी उघडलं तर माझी बंदूक. चौथ्या नंबरची. तुला वाकून नमस्कार केला तेव्हा खरंच डोळे भरून आले होते. भाऊबिजेला बहिणीला साडी मिळते, दागिना मिळतो, फार तर आयपॉड. अमरावतीच्या कुठल्या मुलीला भावाने ओवाळणीत बंदूक घातली असेल? मी आठवडाभर जगाला सांगत सुटले होते. मला वाटलं, माझ्या भावाने एक्सेल बाजूला ठेवली आणि माझं ऐकलं.

तो कागदही मला त्या कपाटात सापडला, दादा. घडी घालून, डब्यांच्या खाली. बावीस ओळी. चौथ्या ओळीपुढे तुझ्या बारीक अक्षरात पेनने लिहिलंय, 'शुभाची + हलकी काडतुसं', त्यापुढे नवीन आकडा, पहिल्या नंबरपेक्षाही कमी, आणि एक बरोबरची खूण. म्हणजे ऐकलं-बिकलं काही नव्हतंस तू. बंदुकीवरचा वाद सोडलास आणि काडतुसांत घुसलास. कारण काडतुसांबद्दल मी वाद घालणार नव्हते. मला तिथे वाद आहे हेच माहीत नव्हतं.

किती सोपं होतं तुला! वीस बोअरची काडतुसं झाडून सगळी पिवळीच असतात, दुसऱ्या बंदुकीत चुकून जाऊ नयेत म्हणून. कुठलं दमदार आणि कुठलं हलकं हे फक्त बाजूच्या अक्षरांवरून कळतं, आणि अक्षरं तू पुसून टाकलीस. वर, "हातमोजे काढू नको, गारठशील, मीच भरतो." मला वाटायचं केवढा जीव आहे माझ्यावर. डेलच्या मागच्या शेतात आपण कागदावर उडवून बघितलं तेव्हा कागदाची चाळण झाली. मी नाचले. हलक्या काडतुसात छरे मोहरीएवढे बारीक असतात, पण असतात भरपूर, त्यामुळे कागद भरून जातो. पिसांच्या थरातून आत जायची ताकद त्यांच्यात नसते. हे तुला पाठ होतं. तूच मला शिकवलं होतंस. आणि मी म्हटलं, "दादा, धक्का तर जाणवतच नाही!" तर तू काय म्हणालास आठवतं? म्हणालास, "बघ, सिलेक्शन चांगलं आहे तुझं."

थोबाडीत मारावीशी वाटते त्या एका वाक्यासाठी.

२००६ चा एप्रिल. त्या सकाळी पाटी मी घासली, डेल नव्हता, आपण दोघेच. नर कड्यावरून खाली आला. उन्हात पिसारा फुलवून, मान आत घेऊन, थांबत थांबत. तीस पावलांवर आला. त्याच्या मानेवरची लाल-निळी कातडी मला स्वच्छ दिसत होती. मी चाप ओढला. तो उलटा झाला, उठला, एक पंख जमिनीवर ओढत झुडपांत गेला. आपण दुपारपर्यंत शोधलं. पिसं मिळाली, एका दगडावर रक्ताचे थेंब मिळाले. तो मिळाला नाही. कुठेतरी पडून तो दिवसभर, कदाचित दोन दिवस, मरत होता, आणि तो माझ्या हातून.

परतताना घाट लागला. मग म्हटलं, "दादा, नेम बरोबर होता. मला मान दिसत होती."

तू रस्त्याकडे बघत होतास. "होतं गं असं. चाप ओढताना खांदा आखडला असेल. भीती असते आत बसलेली. नॅचरल आहे."

हे. हे तू बोललास. खोटी काडतुसं मी एक वेळ समजू शकते, मूर्खपणा म्हणून सोडून देईन. पण तो पक्षी तुझ्या काडतुसाने अर्धवट मेला आणि तू बोट ठेवलंस माझ्या खांद्यावर. माझा खांदा! ज्याच्यासाठी मी वर्षभर व्यायामाचे रबरी पट्टे ओढले, रडले, परत ओढले. तो बरा झालाय हे मला जेमतेम पटायला लागलं होतं, आणि तू एका वाक्यात तो परत तोडलास. या खेपेला तो एक्स-रेमध्येही तुटलेला दिसणार नव्हता.

त्या दिवसापासून मी बंदुकीला हात लावला नाही. तुझ्याच कपाटात ठेव म्हटलं. दुधाचा गॅलन उचलतानाही मनात यायचं, हा हात ऐन वेळी दगा देतो. ऑफिसात मोठं प्रेझेंटेशन आलं की मी दुसऱ्याला पुढे करायचे. तुला वाटेल, याचा काय संबंध? मलाही तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतंय. एकदा मनाने घेतलं की आपण ऐन वेळी आखडतो, की मग माणूस सगळीकडेच आखडतो.

तुला किती संधी मिळाल्या मोजू? त्याच वर्षीची भाऊबीज. तू पाटावर बसलास, मी ओवाळलं, निरांजनाच्या उजेडात तू माझ्याकडे बघितलंस आणि ओवाळणीत या खेपेला साडी टाकलीस. मी मनात म्हटलं, याने माझ्यावरची आशा सोडली. पुढच्या वसंतात तुझा फोन, "येतेस का डेलकडे?" मी म्हटलं, मला नाही जमत रे ते. तू बराच वेळ गप्प होतास. मग म्हणालास, "बरं. ठीक आहे." त्या गप्प राहण्यात सांगून टाकायचं ना! काय केलं असतं मी? आरडाओरडा केला असता, दोन महिने बोलले नसते, राखी कुरिअरने पाठवली असती. एवढंच ना? त्या भीतीने तू मला दोन वर्षं अपंग ठेवलंस. आणि मग मार्चमधल्या एका मंगळवारी, ऑफिसच्या जिन्यात, मला जाब विचारायला जागा न ठेवता निघून गेलास. छातीत दुखतंय हेही म्हणे चार दिवस कोणाला सांगितलं नव्हतंस. तुझं सगळंच असलं.

या शनिवारी मी बंदूक आणि तिन्ही डबे गाडीत टाकून एकटीच घाट ओलांडून डेलकडे गेले. वहिनीला म्हटलं होतं, ये सोबत, तर म्हणाली, "तू जा. मला नंतर सगळं सांग, न गाळता." डेल आता पंचाहत्तरीला आलाय. त्याला मी पायरीवर बसून सगळं सांगितलं. तो ऐकत होता, चेहऱ्यावर काही आश्चर्य नाही. मग म्हणाला, "म्हणजे त्याने तुला सांगितलंच नाही."

दादा, डेलला माहीत होतं.

त्या शिकारीनंतरच्या पुढच्याच शनिवारी तू परत गेला होतास म्हणे तिथे. वहिनीला सांगितलंस ऑफिसचं रिलीज आहे. दोन दिवस तू त्या झुडपांतून हातापायांवर रांगत फिरलास. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पक्षी तुला ओढ्याच्या काठी सापडला, पाइनच्या मुळांत शिरलेला. तू त्याला तिथेच पुरलंस, वर दगड रचलेस. मग चिखलाने माखलेल्या गुडघ्यांनी याच पायरीवर येऊन बसलास आणि डेलला म्हणालास, "चूक माझी होती. तिची नव्हती." डेलने विचारलं, तिला सांगितलंस? तू म्हणालास, सांगीन.

मला दगड दाखवायला डेल ओढ्यापर्यंत चालत आला. नीट रचलेत. तू वेणी घालायला लागलास तेव्हाही असाच होतास, एक पेड सैल झाला तर सगळी सोडून परत घालायचास. मी तिथे उभी राहून खूप रडले आणि मग मला परत राग आला. तीनशे मैल घाट ओलांडून एका मेलेल्या पक्ष्याची माफी मागायला जाता येतं तुला. डेलसमोर कबूल करता येतं. आणि तुझ्या घरापासून माझं घर पंधरा मिनिटांवर. सपाट रस्ता आहे, दादा. चेनसुद्धा लागत नाही.

त्यानंतर मी शेतात एका फळीवर कागद लावला. तीस पावलं मोजली. पहिल्या डब्याचं सील मी माझ्या नखाने तोडलं. हातात घेतल्यावरच कळतं रे, लांबीला जास्त, वजनाला जास्त. एकदा जरी तू मला हात लावू दिला असतास तरी मी ओळखलं असतं. डेल मागे उभा होता, त्याने काही शिकवलं नाही. मी भरलं, गाल टेकला आणि चाप ओढला.

लागलं. खोटं कशाला बोलू? पट्टीखालचं हाड झणझणलं, दात एकमेकांवर आपटले. तुझी चौथ्या नंबरची गॅसवाली, रबरी गादीवाली, सगळं असूनही तिने चांगला हिसका दिला. पण मी जागची हलले नाही. नेम जिथे धरला होता तिथेच लागला होता. कागदावर भोकं तुझ्या काडतुसांच्या निम्मीसुद्धा नव्हती, पण छरे मागच्या फळीतून आरपार गेले होते.

आणि त्या आवाजाला कड्यावरून एका नराने उत्तर दिलं. मोठा आवाज झाला की ते असं ओरडतात. गडगड गडगड, चांगलं दोनदा. डेल हसायला लागला. म्हणाला, सीझन मेअखेरपर्यंत आहे. मी म्हटलं, ठाऊक आहे, लायसन्स काढूनच आलेय. पुढच्या शनिवारी परत जातेय. त्या डब्यातली उरलेली नऊ काडतुसं माझ्या जॅकेटच्या खिशात आहेत, माझी मी भरणार आहे.

आज सकाळी आरशात बघितलं. डाग उमटलाय, बरोबर त्याच जागी, पाच वर्षांपूर्वीच्यासारखा जांभळा. वेणी घालायला हात वर केला तेव्हा कळ आली, तरी घातली. शेवट रबरबँडमध्ये गुंडाळायची तुझी पद्धत परत एकदा करून बघितली. नाही जमली.

डाग तुला दाखवायचा होता. गळा बाजूला करून, तुमच्या किचनमध्ये, तू चहा गाळत असताना.

विचारायचं होतंस रे फक्त. "शुभे, लागेल, चालेल का?" एवढंच. मी चालेल म्हणाले असते. आणि घाटातल्या त्या दिवसाचंही, एकदा म्हणायचं होतंस, चुकलं माझं. मी म्हणाले असते, हो, चुकलं. चहा ठेव आता.